सोबत्याचं नाव

"नाम बोलिए काका, सिर्फ नाम," गजेंद्रने मोबाइल महागूच्या तोंडासमोर धरला आणि व्हिडिओचं बटण दाबलं.

महागूने तोंड घट्ट मिटून घेतलं. त्याच्या कपाळावरची शीर ताडताड उडत होती. सकाळी सहाची बस परसवाड्याला साडेदहाला उगवली होती. तिचा एसी नुसताच घुरघुरत होता. त्यात लामत्याच्या अलीकडे मागचा टायर फुटला आणि सगळे विजेते आपापल्या सोबत्यांसह रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली घाम पुसत बसले. इथवर त्याने सगळं गिळलं होतं. पण टायर बदलेपर्यंत गजेंद्रला काही तरी उद्योग हवा होता, म्हणून त्याने यादी तपासायला घेतली, आणि आता तो महागूच्या सोबत्याला, चैतरामला, माघारी धाडायला निघाला होता.

गजेंद्र बियाणं कंपनीचा माणूस. कंपनीच्या स्पर्धेत धानाची सगळ्यांत लांब लोंबी महागूच्या शेतातल्या बांधीत निघाली आणि त्याला दोघांची पुरीची यात्रा लागली. फोनवर कंपनीतल्या मुलीने विचारलं, सोबत कोण येणार? महागूने छाती फुगवून सांगितलं, "आमचे महाप्रसाद." तिने बिचारीने तेच टाइप केलं. चैतरामच्या आधार कार्डावर मात्र चैतरामच होतं.

चाळीस वर्षांपूर्वी गावातलं कुणी तरी पुरीहून जगन्नाथाचा सुका भात, म्हणजे महाप्रसाद, घेऊन आलं होतं. त्यातला घास या दोघांनी देवासमोर एकमेकांना भरवला आणि महाप्रसाद झाले. म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचे. तेव्हापासून हाक मारायची ती महाप्रसाद म्हणूनच, एकमेकांचं नाव मरेपर्यंत घ्यायचं नाही. चैतरामला साप चावला तेव्हा बैहरच्या दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं, तर महागूने बाहेरच्या जीपवाल्याला दंडाला धरून आत ओढलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं. असा हा माणूस.

"मी सांगतो ना," चैतराम पुढे झाला. "चैतराम. कार्डावर फोटो हाये माया."

"आपके बोलने से नहीं होगा. जो जीता है, वही बोलेगा. लोगों ने सीटें बेच दी हैं, काका."

"सीट इकली?" महागू उसळला. "मी महाप्रसादची सीट इकीन? अशी लोंबी तुया बापानं तरी पाह्यली होती काय रे?"

गजेंद्रच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नाही. टायर बसला होता. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. "दो मिनट," गजेंद्र म्हणाला. "नहीं तो ये वाले काका यहीं से लौटेंगे."

"तं मीबी नाही येत. घाला तुमची पुरी चुलीत!" महागूने पिशवी खांद्याला मारली. "चला, महाप्रसाद. घरी चला."

चैतराम जागचा हलला नाही. अंगात नवा शर्ट, हातात रिकामी बाटली. समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का हे सुनेला दाखवायचं म्हणून त्याने ती घरून धुऊन आणली होती. त्याने बसकडे पाहिलं, मग खाली.

"घेऊन टाका ना नाव, महाप्रसाद," तो हळूच म्हणाला. "इथं कोन पाहून राह्यलं? मले समुद्र पाहाचा हाये."

महागूला वाटलं, आपल्याच घरातल्या माणसाने थोबाडीत मारली. गजेंद्र परका होता, त्याचं काही वाटलं नव्हतं.

"कोन पाहून राह्यलं? मंग चाळीस वर्स कोनासाठी पाळलं? गाववाल्यासाठी?"

"मी रागावत नाही, बाप्पा."

"मी रागावलो ना!"

बसमधून कुणी तरी ओरडलं, "घ्या ना हो एकदाचं! उन्हानं जीव चालला." हॉर्न वाजला. महागूने गजेंद्रचं मनगट धरून मोबाइल स्वतःच्या तोंडाशी ओढला.

"चैतराम!" तो गरजला. "आयकलं? चैतराम, चैतराम, चैतराम! भर तुया यादीत!"

"एक बार काफी था, काका," गजेंद्र मनगट चोळत म्हणाला.

बस सुटली. चैतरामला खिडकीची जागा मिळाली होती. रिकामी बाटली मांडीवर उभी धरून तो बाहेर बघत बसला. महागूचा राग काही उतरला नव्हता. गजेंद्रवर होता, कंपनीवर होता, शेजाऱ्यावर तर होताच. आणि एवढं असूनही शेजाऱ्याच्या तोंडावर ऊन येतंय हे त्याला दिसत होतं, त्याचाही राग येत होता. पडदा ओढून घ्या, एवढंच सांगायचं होतं.

"म..." म्हणून तो थांबला. तो शब्द आता त्याच्या तोंडून निघेना. आणि दुसरा, मघाशी चार वेळा ओरडलेला, तो पुन्हा घ्यायचा नव्हता. शेवटी त्याने कोपराने ढोसलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. चैतरामने पडदा ओढला. मग तोही महागूकडे वळला, काही बोलायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

त्याने बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

मग महागू एकदम उठला आणि ड्रायव्हरजवळ बसलेल्या गजेंद्रला पार मागच्या सीटवरून खेकसून विचारलं, "ओ साहेब! पुरी किती राह्यली?"

गजेंद्रने मान वळवली.

"काका, अभी तो अपना बालाघाट भी नहीं आया."