उभ्यानं निंदणी

केळीच्या बागेत बिबट्या दिसल्यावर जंगलखात्याचा नाकेदार आम्हा निंदणाऱ्या बायांना बजावून गेला, "बहनजी, नीचे मत बैठना, तेंदुआ बकरी समझ लेगा." मालूबाई म्हणाली, "भाऊ, गडी उभ्यानं फवारतात. निंदणी उभ्यानं कशी करायची, तूच दाखव." मग आम्हीच ठरवलं, एकीनं उभं राहून पहारा द्यायचा, बाकीच्यांनी निंदायचं. दुपारी पाळी माझी होती. समोर वाळलेली पानं हलली आणि त्यांच्याआड दोन डोळे थांबले. ओरडले तर कोणीतरी पळेल, म्हणून हळूच म्हटलं, "बायांनो, उठा. पळू नका." पूनम उठली, रंजिता उठली. मालूबाईला उठता येईना; चाळीस वर्षांच्या निंदणीनं गुडघे धरले होते. डोळे तिच्याकडेच वळले. आम्ही तिघींनी काखेत हात घालून तिला उभं केलं. बिबट्या वळून पानांत शिरला. मालूबाई म्हणाली, "सोडू नका गं अजून."