चार फूट वर

पुलाच्या तिसऱ्या खांबाला शिडी लावून पेंटर धोक्याची रेघ रंगवायला चढला, तेव्हा खाली नदी नव्हतीच. गोटे होते, एक फाटकी चप्पल होती आणि डबक्यात अडकलेले चार मासे होते. पावसाळ्याला पंधरा दिवस होते. एकवीस वर्षं तो याच दिवसांत ही लाल रेघ उजळत आला होता. ती कुठे आहे, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"तिथे नाही!" पुलावरून साहेब ओरडले. पूरनियंत्रणाचे साहेब कठड्यावर कागद पसरून उभे होते. "चार फूट वर घे. आणि जुनीवर पांढरा मारून टाक."

पेंटरने ब्रश डब्यात ठेवला. "साहेब, चूक तर होत नाही ना? पूर्वी रेघेला पाणी लागलं की घरं रिकामी करायला अख्खा दिवस मिळायचा. आता तासभर मिळत नाही. रेघ खाली यायला हवी."

"अरे बाबा, रेघेला पाणी लागलं की मला भोंगा वाजवावा लागतो, शाळा बंद कराव्या लागतात, खालची गल्ली हलवावी लागते. पूर्वी हे दहा वर्षांत एकदा व्हायचं. गेल्या पावसाळ्यात पाच वेळा झालं. चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत पडायला लागला, त्याला मी काय करू? वरचे विचारतात, तुमच्याकडेच एवढा धोका कसा? आणि जे उठसूट होतं, त्याला धोका तरी कसं म्हणायचं?"

ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरचे आकडे बदलायचे, त्यातली ही गत. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती, एवढंच.

पेंटरने मान वळवून खालच्या गल्लीकडे पाहिलं. पहिलंच घर त्याच्या थोरल्या बहिणीचं. तिची खिडकी बरोबर या खांबासमोर. जुनी रेघ तिच्या उंबऱ्याहून फूटभर खाली होती. नवी उंबऱ्याहून तीन फूट वर जाणार. म्हणजे पाणी नव्या रेघेला लागेल, तोवर ताईचं शिलाई मशीन बुडालेलं असेल. दोनदा बुडालंच होतं. दुसऱ्यांदा सगळे भाग उघडून गाळ काढताना ती ढसाढसा रडली होती. तेव्हापासून मशीन माळ्यावर होतं, आणि साठीची ताई झिजलेले गुडघे घेऊन नऊ पायऱ्यांची लोखंडी शिडी चढायची, छपराखाली वाकून शिवायची. भोंग्यावर तिचा विश्वास नव्हता, वीज गेली की तो मुका. रेडिओवर तर त्याहून नाही. भावाने रंगवलेल्या रेघेवर मात्र होता.

"साहेब, समोर माझी ताई राहते. ती ही रेघ बघून चालते."

"मग सांग तिला, सुटलात म्हणून," साहेब हसले. मग घड्याळ बघून म्हणाले, "जमत नसेल तर दुसरा बघतो. रंगवणाऱ्यांचा काही दुष्काळ नाही."

त्याने रंगवली. दुसऱ्या कुणी रंगवली असती तर जुनीचा मागमूसही राहिला नसता, अशी त्याने मनाची समजूत घातली. नवी रेघ झाल्यावर जुनीवर पांढऱ्याचा एकच हात मारला. लाल काही एका हाताने झाकला जात नाही, हे कुठल्याही पेंटरला कळतं. वाळल्यावर खालची रेघ फिकट गुलाबी दिसायला लागली. पुलावरून ते दिसत नव्हतं. ताईच्या खिडकीतून दिसणार होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काम मुद्दाम कच्चं सोडलं, आणि त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. बरंही वाटलं.

दुपारी तो ताईकडे गेला तेव्हा दार सताड उघडं होतं. माळ्याखाली, खिडकीजवळ, जमिनीवर मशीन मांडलेलं होतं आणि ताई मजेत उशांचे अभ्रे शिवत होती.

"ताई! हे खाली कुणी आणलं?"

"शेजारच्या दोघांना हाक मारली. तू रेघ वर नेलीस ते बघितलं, म्हटलं, आता कशाला थांबायचं? सुटले रे बाबा माझे गुडघे!"

"अगं, नदी तीच आहे. नुसती रेघ हलवली. या खोलीत मशीन बुडेल तरी पाणी त्या रेघेला लागणार नाही. ते वर ठेव."

"काहीतरीच तुझं. एवढा शिकलेला साहेब डोक्यावर ऊन घेऊन उगाच उभा राहतो का? काहीतरी बंदोबस्त केला असेल, म्हणून तर वर नेली."

"काही केलेलं नाही, ताई. भोंगा सारखा वाजायचा, म्हणून नेली."

"आणि तू रंगवलीस?" तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि हसली. "चल. तू मला बुडवशील होय?"

पेंटर हातावरचा लाल रंग नखाने खरवडत बसला.

ताईने त्याला पाणी दिलं. मग सुईत दोरा ओवता ओवता ती खिडकीबाहेर बघत थांबली.

"तुझं काम असं कधी नसतं," ती म्हणाली. "जुनी अजून दिसतेय बघ, फिकट फिकट. उद्या आणखी एक हात मार रे. उगाच सारखं लक्ष जातं तिकडे, आणि जिवाला घोर लागतो."