दुसरी चावी
ट्राइनआजींची सायकल स्टेशनासमोरून चोरीला गेली, तेव्हा त्यांच्या मुलाने, रिंडर्टने, त्यांच्यासोबत सगळं लेवार्डन शहर पालथं घातलं होतं. त्यानंतर शेजारची मीप आजींना आपल्या सायकलच्या कॅरियरवर बसवून बाजारात न्यायची आणि वाटभर चोरांना शिव्या घालायची. आज रिंडर्टच्या वाढदिवसाला सगळे त्याच्या अंगणात गोल करून बसले होते. एक खुर्ची कमी पडली म्हणून आजी त्याच्या शेडमध्ये गेल्या. ताडपत्रीखाली त्यांचीच सायकल उभी होती, टोपलीत त्यांचाच रेनकोट. पर्समध्ये जपलेल्या दुसऱ्या चावीने कुलूप उघडून त्यांनी ती थेट अंगणात आणली. “तू पडशील म्हणून लपवली, आई,” रिंडर्ट पुटपुटला. “मग शोधायला कशाला आलास माझ्याबरोबर?” पाहुण्यांपैकी कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. मीप खाली मान घालून केक चिवडत होती. आजींनी सायकल तिच्यासमोर उभी केली. “बस मागे, मीप. जाताना चोरांना शिव्या घालू.”