आधी तुम्ही जेवा

शेवंताक्का भाताच्या पातेल्यासमोर हात पसरून उभी राहिली आणि कुणालाच वाढू देईना. यंत्रमाग बंद पडल्यापासून वस्तीतल्या बायका मिळून सगळ्यांसाठी ही चूल चालवत होत्या. मागच्या महिन्यात असाच फुकटचा तांदूळ आला आणि वीस माणसं दवाखान्यात गेली. आजचा तांदूळ गायिका रेणुकानं आपल्या कार्यक्रमांतून जमवला होता आणि ती स्वतः तो घेऊन आली होती.

“बाई, आधी तुम्ही जेवा,” अक्का तिला म्हणाली.

रेणुकाचा व्यवस्थापक मध्ये पडला. “मॅडमना संध्याकाळी गायचंय. पोट बिघडलं तर?”

“मग आमच्या माणसांची पोटं काय लोखंडाची हाईत?”

ताटं घेऊन रांगेत उभी असलेली माणसं पुढं सरकली. रेणुका चपला काढून जमिनीवर बसली आणि जेवली. अक्का टक लावून तिच्या तोंडाकडं बघत होती. ताट रिकामं झालं तरी तिचा संशय फिटेना.

“आता गाडीत बसून जाल. मागनं कुणाला काय झालं तर?”

रेणुकानं व्यवस्थापकाला कार्यक्रम उद्यावर ढकलायला सांगितलं. “मी सकाळपर्यंत इथंच थांबते, अक्का.”

अक्कानं तिला खालवर न्याहाळलं.

“थांबतीस तर आमटी वाढायला घे,” ती म्हणाली आणि तिनं रांगेला हाक मारली.