कर्करोगमुक्त गाव

पाण्याच्या एटीएमवर दौलत शिंगाडेने तळहात टेकवला आणि रोज त्याला नावाने हाक मारणारे यंत्र म्हणाले, “पाहुणे, आमच्या गावात आपले स्वागत.”

शेजारच्या पारावर सरपंच तंबाखू मळत बसले होते. ते हसले. “यंत्र घामावरून रोग ओळखतं, दौलू. गाठ दिसली की माणसाचं नाव त्याच क्षणी आपल्या यादीतून बोरतळी गावाच्या यादीत जातं. म्हणून तर आपल्या गावात कर्करोग शून्य, अन् बोरतळीत जिल्ह्यात सगळ्यांत जास्त. उद्या पुरस्कार घ्यायचाय, रडकं तोंड घेऊन पुढं बसू नकोस.”

ज्या मातीत तो चालायला शिकला, तिने त्याला परका ठरवले होते. आपल्याला कर्करोग झाला आहे, हे त्याला या स्वागतातून कळले होते.

“मग माझे उपचार, आबा?”

“ज्याचे त्याच्या गावी.”

“बोरतळीत दवाखाना आहे?”

“बोरतळीच नाही रे. ती कधीच धरणाखाली गेली.” सरपंचांनी चिमूट ओठाआड सारली. “तिथं बोंबलायला आहे कोण?”

दौलतने यंत्राखाली भरलेला हंडा उचलला आणि त्यांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर रिकामा केला.

“आता आम्ही आहोत,” तो म्हणाला.