टाच

सनाने नादकाटा चपलेच्या रबरावर आपटला आणि अब्बांच्या कानाजवळ धरला. तिचं नववीचं प्रात्यक्षिक होतं. काटा शाळेतून एका दिवसापुरता घरी आणलेला.

“येतंय की,” अब्बा आरशासमोर दाढी विंचरत म्हणाले. “छान सूं वाजतंय.”

दुसऱ्या वेळी तिने काटा चपलेपर्यंत नेला, पण आपटला नाही. तसाच मुका उचलून कानाशी धरला.

“आत्ताबी येतंय. मास्तरीणबाई, पास करून टाका आता.”

सनाने मान वर केली. समोरच्या आरशात अब्बांचे डोळे तिच्या हातावर खिळलेले होते.

तिने काटा दप्तरात ठेवला.

स्वयंपाकघरातून अम्मीने, माजिदाने, लादीवर टाच आपटली. धप्प. अब्बा लगेच वळले आणि चहाचा कप घ्यायला गेले. ह्या घरात त्यांना कुणी नुसती हाक मारत नसे. आधी टाच, मग बोलणं. भिंतीपलीकडे बावीस वर्षं अब्बा चालवत ते कापडाचे लूम खडखडत होते, त्या आवाजात हाकेला कोण विचारतो? सनाला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

कालच रीमा मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं : ध्वनीला माध्यम लागतं. हवेपेक्षा तो दगडातून, लोखंडातून जलद धावतो. सनाने पायाखालच्या लादीकडे पाहिलं. म्हणजे अब्बा इतके दिवस पायाने ऐकत होते.

गेल्या महिन्यात ते लूम भंगारात गेले, अब्बांचं काम सुटलं. आज दापोड्याच्या गोदामात अब्बांची पहिली ड्युटी होती. आवारात उभं राहायचं, उलट्या मागं येणाऱ्या कंटेनर ट्रकांना हात दाखवायचा.

चहा घेऊन अब्बा बाहेर आले, तशी सना आत गेली. “अम्मी, अब्बांना ऐकू येत न्हाय.”

माजिदाने तिचं मनगट घट्ट धरलं. “हळू बोल गो. ऐकतील ते.”

मग दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

“तुला माहीत होतं?”

“गोदामाच्या शेठने विचारलं तर सांगायचं न्हाय, एवढं माहीत होतं,” माजिदा म्हणाली, आणि रिकामं पातेलं घासत बसली.

बाहेरच्या खोलीत अब्बा गोदामातून मिळालेले बूट चढवत होते. पुढे लोखंडाची टोपी, खाली दोन बोटं जाड रबर. नाडी बांधून ते उभे राहिले, जागच्या जागी दोनदा नाचले.

“सना, बघ काय माल हाय! खिळ्यावर पाय पडला तरी पायाला खबर न्हाय.”

आणि हसत पायरी उतरले.

सना अनवाणी दारात धावली. “अब्बा!”

ते चालत राहिले.

ती गल्लीत उतरली. गल्ली काँक्रीटची, एकसंध, कोपऱ्यापर्यंत. तिने टाच आपटली. पुन्हा आपटली. मग सगळा जीव टाचेत गोळा करून अशी हाणली की डोळ्यांत पाणी आलं. भिंतीशी झोपलेली शेळी दचकून उठली. वरच्या खिडकीतून शेजारची जोहा ओरडली, “काय झालं गो?”

अब्बा नव्या बुटांकडे बघत, एकेक पाऊल कौतुकाने टाकत कोपऱ्याकडे निघाले होते. आणि कोपऱ्यावरून गोदामाचा टेम्पो टीं टीं करत उलटा, अब्बांच्याच दिशेने मागं येत होता.