ओलं सूत

मिहानच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात वैभवनं अ‍ॅपचा मुख्य रंग निळा ठेवला होता. सगळी बटणं त्याच रंगाची. पण कोडमधून तो रंग विचारला, की उत्तर यायचं डाळिंबी.

"मले तर निळाच दिसून राहिला," शेजारची रुचिका म्हणाली.

डाळिंबी त्याच्या ओळखीचा होता. उमरेडला बाबांनी हातमागावरच्या शेवटच्या लुगड्याच्या काठासाठी सूत रंगवलं, तेव्हा फोन केला होता.

"ओलं हाय तोवर पाहून जाय गा. वाळलं का रंग फिका पडते."

"रविवारी येतो," असं तो म्हणाला होता. बाबा शनिवारीच गेले.

त्यानं पुन्हा निळा लिहिला, पुन्हा विचारला. डाळिंबीच.

शेवटी फोनवर अ‍ॅप उघडून त्यानं निळ्या बटणावर बोट टेकवलं. उचललं, तेव्हा बोट डाळिंबी झालं होतं, आणि ओलं.